बाविसानंतर राणी मोजत नाहीत

गेल्या हिवाळ्यात जळगावच्या एका हॉलमध्ये मी खुर्चीतून उठून समोरच्या मुलापुढे हात केला. सामना जिंकलो, अशी माझी खात्री होती. मुलगा नुसता बघत राहिला, त्याने हात पुढे केला नाही. पंच म्हणाले, "सर, बसा. चोवीस-वीस."

मी म्हटले, "राणी माझी आहे. कव्हरही केली आहे."

"हो, बरोबर आहे. पण तुमचे बावीस झालेले होते. बाविसानंतर राणीचे गुण मिळत नाहीत."

ज्यांनी फक्त गल्लीतला कॅरम खेळला आहे, त्यांच्यासाठी सांगतो. गल्लीत आपण काळ्या सोंगटीचे दहा, पांढरीचे वीस आणि राणीचे पन्नास धरतो. स्पर्धेत तसे नसते. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक लाल राणी. ज्याच्या सोंगट्या आधी संपतात त्याने बोर्ड जिंकला. समोरच्याच्या जितक्या सोंगट्या उरल्या तितके गुण त्याला, आणि राणी त्यानेच घेतलेली असेल तर आणखी तीन. २५ गुण किंवा आठ बोर्ड झाले की एक गेम संपतो. तीनपैकी दोन गेम जिंकणारा पुढे जातो. यातच एक छोटा नियम आहे. तुमचे गुण २१ पर्यंत असतील तोवर राणीचे तीन धरतात. २२ झाले की राणी घेतली काय आणि न घेतली काय, सारखेच.

तिसऱ्या गेममध्ये माझे २२ होते, त्याचे २०. मी सोप्या सोंगट्या सोडून राणीच्या मागे लागलो, कारण माझ्या हिशेबात तीन गुण म्हणजे सामना खिशात. राणी घेतली, बोर्डही जिंकला, त्याच्या दोन सोंगट्या उरल्या. माझ्या हिशेबात २७, पंचांच्या कागदावर २४. पुढच्या बोर्डात त्या मुलाने शांतपणे राणी घेतली आणि माझ्या दोन सोंगट्या उरलेल्या असताना बोर्ड संपवला. त्याचे गुण वीस असल्यामुळे त्याची राणी मोजली गेली. २५-२४. दुसऱ्याच फेरीत मी बाहेर.

मी बी.एड. आहे. उर्दू शाळेत मराठी शिकवतो. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आधी वाचा, हे वाक्य मी वीसेक वर्षे मुलांना ऐकवतो आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, त्या दिवसापासून मला जो तो एकच प्रश्न विचारतो. स्टाफरूममध्ये, मशिदीच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या दावतीत. "काय सर, या वयात?" माझे वय ४६ आहे. विचारणाऱ्यांचा सूर चेष्टेचा असतो, क्वचित काळजीचा. मला वाटते या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे, कारण तो माझ्या एकट्यापुरता नाही. आपल्या मोहल्ल्यांतला प्रौढ माणूस रोजी, नमाज आणि घर यांच्यापलीकडे आपला वेळ कुठे घालवतो, कुठे घालवू शकतो, असाही तो प्रश्न आहे.

माझे बालपण धुळ्याचे. पॉवरलूमची वस्ती. दिवसभर मागांचा खडखडाट इतका की घरातही ओरडून बोलायची सवय. वीज गेली की एकदम सगळे थांबायचे, आणि त्या शांततेत पहिला आवाज यायचा तो कॅरमच्या सोंगट्यांचा. कुणीतरी ओट्यावर बोर्ड टाकलेलाच असायचा. पावडर म्हणजे मेडिकलमधली बोरिक, तीही कापडाच्या पुरचुंडीत. पावसाळ्यात बोर्ड फुगायचा आणि स्ट्रायकर अर्ध्या वाटेत थांबायचा. जुम्म्याला आमच्या गल्लीतले माग बंद असत. नमाजनंतर जेवण, आणि मग मगरिबपर्यंत खेळ. मी आठवीत असताना मोठ्या माणसांना हरवू लागलो. माझ्या आपा माझ्याहून चांगल्या खेळायच्या, पण त्यांचा खेळ घराच्या अंगणापुरता होता आणि तेराव्या वर्षी तोही बंद झाला. त्या कुणी बंद केला, असे कुणाला विचारले तर आजही कुणी सांगू शकणार नाही. तो आपोआप बंद झाला, असेच सगळे म्हणतील.

बारावीच्या वर्षी, १९९६ मध्ये, मी शर्तीवर खेळू लागलो. शहरात तेव्हा टोकनवाले पूल टेबलही आले होते. तिथे गर्दी कॉलेजच्या मुलांची. आमच्यासारख्यांचा अड्डा म्हणजे एका गोदामाच्या मागची खोली, जिथे बोर्डावर शंभरचा बल्ब लटकत असे. आधी चहाची शर्त, मग पाच रुपये, मग पन्नास. एका गुरुवारी अब्बांनी मला शेठकडून हप्ता आणायला पाठवले. तीनशे ऐंशी रुपये होते. घरी पोहोचलो तेव्हा खिशात चाळीस उरले होते.

अब्बांनी मारले नाही. रात्रभर बोलले नाहीत. सकाळी घरातला बोर्ड त्यांनी उचलला, अंगणात नेला आणि पाण्याच्या टाकीवर उपडा ठेवला. म्हणाले, "अब ये पानी ढाकेगा." त्या आठवड्यात अम्मीने उसनवारी कशी केली ते मी पाहिले. बोर्ड पुढे कितीतरी वर्षे त्या टाकीवरच होता. त्याच टाकीतले पाणी पिऊन मी बी.ए. झालो, बी.एड. झालो, जळगावला नोकरीला लागलो. स्ट्रायकरला हात लावला नाही.

अब्बा बरोबर होते का? इतकी वर्षे मी या प्रश्नाला "हो" म्हणत आलो. आता माझे उत्तर अर्धेच "हो" आहे. माझ्याकडून पैसे गेले ते शर्तीमुळे. शिक्षा झाली ती खेळाला. आणि आमच्या गल्लीत बहुतेक घरांनी हेच केले. एकेक करून बोर्ड टाकीवर, माळ्यावर, भंगारात गेले. कॅरम म्हणजे आवारगी, असे ठरून गेले. शर्त मात्र कुठेही गेली नाही. आज ती प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. ऑनलाइन रमी, क्रिकेटच्या टीम लावणे, रंग ओळखणे. त्याला बल्ब लागत नाही, गोदाम लागत नाही आणि बापाला पत्ता लागत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा माझ्या ओळखीच्या दोन घरांत शुक्राची दुआ झाली. कायदा चांगलाच आहे. पण मुलाच्या हातातून एक गोष्ट काढून घेतल्यावर त्या हातात काय द्यायचे, हे कायदा सांगत नाही. ते मोहल्ल्याने ठरवायचे असते.

यात आणखी एक गंमत आहे. आपल्याकडचा जुगाराचा कायदा १८८७ चा, इंग्रजांच्या काळचा. त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळलेले आहे. म्हणजे गोऱ्या साहेबाला जो फरक कळला, तो आम्हाला आमच्याच अंगणात कळला नाही.

मी परत कसा आलो ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार नाट्य नाही. तीन वर्षांपूर्वी धुळ्याच्या घराची डागडुजी काढली. टाकीवरचा बोर्ड उचलला तर प्लायवूडचे पापुद्रे सुटलेले, एक पॉकेट गायब. मजुराने तो शेकोटीला मागितला आणि मी दिला. देताना वाईट वाटले नाही. पण जळगावला परतताना, पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत, एसटीच्या खिडकीशी माझी बोटे मांडीवर टिचक्या मारत होती. ते माझ्या शेजारच्या प्रवाशाने पाहिले आणि विचारले, "तबला का?"

पुढच्या महिन्यात शाळेच्या क्रीडा सप्ताहात मी नववीच्या एका मुलासमोर बसलो. २५-४ हरलो. मुले टाळ्या वाजवत होती आणि मला आत कुठेतरी बरे वाटत होते. हे बरे वाटणे काय होते, ते समजायला मला वेळ लागला.

माझ्या वयाच्या माणसाला, विशेषतः मास्तराला, कुणी हरवत नाही. वर्गात मी सांगतो ते बरोबर असते. घरी माझ्या शब्दाला मान असतो. मोहल्ल्यात लोक "सर" म्हणून खुर्ची देतात. चुकलो तरी कुणी तोंडावर सांगत नाही. अशी दहा-पंधरा वर्षे गेली की माणसाला आपण चुकतच नाही असे वाटू लागते, आणि मग तो चिडका होतो. कॅरमच्या बोर्डाला माझी डिग्री माहीत नाही. स्ट्रायकर चुकला तर चुकला. पंच वयाने माझ्या मुलासारखा असला तरी "बसा" म्हणू शकतो. जिथे आपल्याला पुन्हा शिकाऊ होता येते अशी जागा चाळिशीनंतर फार थोडी उरते. मी ती सोडायची नाही असे ठरवले.

इथे कुणी म्हणेल, मग घरी खेळा ना, स्पर्धेत कशाला उतरता? मी आधी तेच करून पाहिले. वर्षभर शेजाऱ्यांबरोबर खेळलो. घरच्या खेळात आपण आपल्याला सवलत देत राहतो. "लाइट डोळ्यावर आला", "हा बोर्डच बरोबर नाही", "परत मार, चालेल". स्पर्धेत नाव लिहिले की सवलत संपते. खुर्ची सरकवायची नाही, मारताना उठायचे नाही, स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या वर चालत नाही, तो दोन्ही रेषांना टेकलाच पाहिजे. पहिल्या महिन्यात मला कळले की मी लहानपणापासून फाउल खेळत होतो आणि कुणी मला सांगितले नव्हते. रोज इशानंतर पाऊण तास सराव करू लागलो. त्याआधी हा पाऊण तास मी मोबाइलवर घालवत असे, आणि त्याबद्दल "काय सर, या वयात?" असे मला कुणीही कधी विचारले नव्हते.

वयाचे म्हणाल तर शरीर आपली वर्गणी घेतेच. माझी सगळ्यात मोठी अडचण हात नव्हती, डोळे होते. चाळिशीच्या चष्म्यातून पुस्तक स्वच्छ दिसते, फळा स्वच्छ दिसतो, पण समोरचे पॉकेट या दोहोंच्या मधल्या अंतरावर असते. बोर्ड ७४ सेंटिमीटरचा चौरस, त्यात आपण थोडे मागे बसतो. मान वर केली तर सोंगटी धूसर, खाली घातली तर पॉकेट धूसर. शेवटी चष्मेवाल्याने सांगितले, घरून टेपने अंतर मोजून आणा, तेवढ्याच अंतराचा वेगळा चष्मा बनवून देतो. तो चष्मा आता पावडरच्या डबीशेजारी असतो. पाठीसाठी दर बोर्डानंतर उभे राहण्याची परवानगी मी मनातल्या मनात मागतो, आणि ती मिळत नाही.

पण निशाण्याच्या खेळांची एक मेहेरबानी आहे. धावण्याच्या खेळांइतकी ती वयाला लवकर हाकलून देत नाहीत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक विजेते झाले, आणि १९६४ मध्ये पुन्हा झाले तेव्हा त्यांचे वय ४२ होते. मुंबईच्या मायकल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीनदा जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. शेवटच्या वेळी ते पंचेचाळिशीच्या आसपास होते. मुंबईचेच यासिन मर्चंट १९८९ मध्ये आशियाई स्नूकर विजेते होते. त्यानंतर बारा वर्षांनी, २००१ मध्ये, ते पुन्हा तिथेच जिंकून उभे राहिले. बारा वर्षांत पहिलीतले मूल बारावीला जाते. फिलिपिन्सचे एफ्रन रेयेस हे पूलच्या इतिहासातले सर्वांत मोठे नाव मानले जाते. त्यांनी २०१९ च्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत कॅरम बिलियर्ड्समध्ये कांस्यपदक घेतले, तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. आपल्या कॅरमचे मारिया इरुदयम १९९१ आणि १९९५ असे दोनदा जगज्जेते झाले आणि कॅरमचा अर्जुन पुरस्कार त्यांना १९९६ चा मिळाला. म्हणजे ज्या वर्षी एका खेळाडूला देशाने सन्मान दिला, त्याच वर्षी धुळ्याच्या एका अंगणात तोच खेळ टाकीवर उपडा पडला. दोष खेळाचा नव्हता, हे एवढ्यावरूनही कळायला हवे होते.

मी या माणसांशी बरोबरी करत नाही. त्यांचा हात टेबलावरून कधी सुटला नव्हता, माझा पंचवीसहून अधिक वर्षे सुटला होता. त्यामुळे मी पदकाची भाषा करत नाही. एका दिवशी तीन फेऱ्या टिकायचे, एवढेच माझे सध्याचे ध्येय आहे. आणि जळगावात ते सोपे नाही. हे केळीचे आणि सोन्याचे शहर कॅरमचेही आहे. जैन इरिगेशनने इथे कॅरमचा संघ सांभाळला आहे आणि त्याचे खेळाडू राष्ट्रीय स्पर्धांमध्ये खेळतात. राज्य स्पर्धांच्या निकालांत जळगावची नावे दिसतात, त्यांत आपल्या मोहल्ल्यांतलीही असतात. मेहरूण किंवा तांबापुऱ्यातल्या एखाद्या पोराकडून हरणे म्हणजे कुण्या ऐऱ्यागैऱ्याकडून हरणे नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण मला येणाऱ्या निरोपांपैकी निम्मे त्याबद्दलचे आहेत. हे जायज आहे का?

मी आलिम नाही. म्हणून नाव लिहिण्याआधी मशिदीतल्या मौलानांकडे गेलो आणि सगळे सांगितले, १९९६ चा तो गुरुवारही. त्यांनी आधी हे सांगितले की कॅरमबद्दल उलेमांत मतभेद आहेत. काही जण त्याला मकरूह म्हणतात, काही जण अटींसह परवानगी देतात. शर्तीबद्दल मात्र मतभेद नाही. मग त्यांनी मला उलट प्रश्न विचारले. प्रवेश फी आहे का? त्या फीचे काय होते? खेळाडूंनी भरलेल्या पैशांतूनच जिंकणाऱ्याला बक्षीस मिळत असेल, तर तीही शर्तच झाली, फक्त पावती असलेली. बक्षीस तिसरा कुणी देत असेल आणि फी हॉलच्या भाड्याला जात असेल तर गोष्ट वेगळी. नमाज चुकणार आहे का? हरल्यावर तू त्या माणसाशी बोलणार आहेस का?

मला हे प्रश्न फार आवडले. कुरआनमध्ये सूरह माइदात जुगाराला मनाई करताना कारणही दिले आहे: त्यातून वैर आणि द्वेष वाढतो आणि माणूस अल्लाहच्या आठवणीपासून, नमाजपासून दूर जातो. मौलानांचे प्रश्न तिथूनच आले होते. मी आयोजकांना फोन केला. बक्षिसे एका दुकानदाराने दिली होती, फी हॉलसाठी आणि चहा-नाश्त्यासाठी होती. जोहरची वेळ विचारली तर ते म्हणाले, "सर, जेवणाची सुट्टी तेव्हाच आहे." मी नाव लिहिले.

मौलानांनी निघताना एक आठवण करून दिली, जी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. प्रेषितांनी (स.) एका प्रवासात हजरत आयेशांशी (रजि.) धावण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. काही वर्षांनी, त्यांचे अंग भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली आणि प्रेषित (स.) जिंकले. तेव्हा त्यांनी हसून सांगितले की त्या दिवसाची आज फिटंफाट झाली. मी ही हदीस लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यातले वय माझ्या कधी लक्षात आले नव्हते. दुसऱ्या शर्यतीच्या वेळी ते तरुण नव्हते. पहिली हार त्यांनी लक्षात ठेवली होती, आणि ती परत करताना हसू होते, राग नव्हता. एवढ्या जबाबदाऱ्या असलेल्या माणसाला धावायला वेळ होता, आणि आम्हाला पाऊण तास नाही!

आता त्या मुलाबद्दल, ज्याने मला २५-२४ हरवले. मी आतापर्यंत सांगितले नाही, कारण सांगायला अवघड जाते. तो माझा विद्यार्थी होता. आठवीत असताना मधल्या सुट्टीनंतरही तो वर्गाच्या मागच्या बाकावर पुठ्ठ्यावर कॅरम खेळत होता. मी त्याचा स्ट्रायकर काढून घेतला आणि चाळीस मुलांसमोर विचारले, "यातच आयुष्य घालवणार आहेस का?" स्ट्रायकर माझ्या टेबलाच्या खणात टाकला. वर्षअखेरीस परत द्यायचा होता, विसरलो. ज्या हाताने अब्बांनी बोर्ड टाकीवर ठेवला, त्याच हाताने मी खण बंद केला होता. फरक एवढाच की अब्बांचे पैसे गेले होते, त्या मुलाने कुणाचे काही घेतले नव्हते.

सामना संपल्यावर मी त्याला बाहेर चहाला नेले. आज तो एकोणीस वर्षांचा आहे, सकाळी कॉलेज आणि दुपारी गॅरेजवर काम करतो. मी म्हटले, "तुझा एक स्ट्रायकर माझ्याकडे राहिला आहे." तो हसला. "सर, तो पंचवीस रुपयांवाला होता. मी दुसऱ्या दिवशी नवीन घेतला." मग थोडे थांबून म्हणाला, "पण त्या दिवशी तुम्ही घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बंद झालं असतं." मी सांगितले नव्हते, याचे श्रेय मला घेता येत नाही. मी फक्त विसरलो होतो. एवढ्या विसरण्यावर एका मुलाचा खेळ टिकला.

म्हणून आता माझे म्हणणे मांडतो, तुम्हाला पटो वा न पटो. आपल्या उर्दू शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. वाचनालयांत दिवे असतात, माणसे नसतात. तिथे दोन बोर्ड, दोन दिवे, एक नियमांचे पुस्तक ठेवा. पैसा दिसला की बोर्ड बंद. अजान झाली की बोर्ड बंद. पंच म्हणून एखाद्या पोराला बसवा आणि समोर त्याच्या बापाच्या वयाच्या माणसांना खेळू द्या. पोराने "फाउल" म्हटले की बापाने ऐकायचे. हे आपल्या घरांत होत नाही, ते निदान एका बोर्डावर होऊ द्या. जो मुलगा नियमांत हरायला शिकला, त्याला मोबाइलवरची जुगाराची रमी फिकी वाटेल की नाही, याची हमी मी देत नाही. पण आज त्याच्यापुढे निवडायला दुसरे काहीच नाही, एवढे मी पाहतो आहे.

आणि आठवड्यातले दोन दिवस बायकांचे असू द्या. २०२४ मध्ये अमेरिकेत कॅरमचा विश्वचषक झाला, तिथे चेन्नईच्या एम. खाजिमा या सतरा वर्षांच्या मुलीने तीन सुवर्णपदके जिंकली. तिचे वडील ऑटोरिक्षा चालवतात. ती बातमी आपल्या ग्रुपांवर खूप फिरली, "माशाअल्लाह"चे ढीग पडले. मी तेव्हा आपांना फोन केला आणि बातमी वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिच्या बापानं बोर्ड कुठं ठेवला होता रे?"

त्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले नाही. ईदला त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा बोर्ड दिवाणखान्यातच मांडून ठेवला होता. आपा आता पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही. खुर्ची दिली. पहिला स्ट्रायकर सरळ पॉकेटमध्ये गेला. दुसऱ्याने पांढरी सोंगटी कट होऊन डावीकडे उतरली, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले ते तेरा वर्षांच्या मुलीच्या नजरेने. माझी मुलगी ओरडली, "अब्बू, फुफी तुम्हाला हरवणार!" तिचे म्हणणे खरे झाले, किती गुणांनी ते लिहीत नाही.

राज्य स्पर्धांमध्ये वयस्कर गट असतो, पुरुषांचा आणि महिलांचाही. मी चौकशी केली आहे. पुढच्या जिल्हा स्पर्धेचे दोन फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहेत, जिथे तो पंचवीस रुपयांचा स्ट्रायकर होता तिथेच. एक माझा आहे, तो भरून झाला. दुसऱ्यावर फक्त आपांची सही व्हायची आहे. त्या म्हणतात, लोक काय म्हणतील. मी म्हटले, लोक विचारतील, "या वयात?" तुम्ही सांगा, हो, याच वयात. आणि आधी नियम वाचून घ्या. बाविसानंतर राणी मोजत नाहीत.